खोक्यावर उभा ट्रॉम्बोनवाला

आमच्या घरात टाळी कुठे द्यायची यावरून भांडणं व्हायची. आजी भजनी मंडळातली. हातात टाळ असोत नसोत, तिची टाळी समेवर पडायची, नारळ फोडावा तशी ठाम. काका बोटीवर रेडिओ ऑफिसर. सात-आठ महिने समुद्रावर काढून डोंबिवलीच्या दोन खोल्यांत परतले, की रविवारी सकाळी आंघोळ-बिंघोळ आटोपून माळ्यावरचा एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर खाली काढायचे, रेकॉर्डवरून मऊ फडकं फिरवायचे आणि श्वास रोखून सुई टेकवायचे. आम्ही पोरं सवयीने एक-दोन-तीन-चारमधल्या एकवर टाळी द्यायचो. काका वैतागायचे. "अगं, एक सोडून दे. दोनला दे, चारला दे. एक आपोआप येतो."

आजी पोळी लाटता लाटता म्हणायची, "एकच सोडला तर उरलं काय?"

आजी गेली तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता.

ती रेकॉर्ड म्हणजे 'साँग्ज फॉर स्विंगिंग लव्हर्स'. १९५६ सालची, कॅपिटॉल कंपनीची. गाणारा अमेरिकेचा फ्रँक सिनात्रा. वाद्यमेळ बांधणारा, लिहून काढणारा आणि समोर उभा राहून तो वाजवून घेणारा नेल्सन रिडल. दोन बाजूंना मिळून पंधरा गाणी. काकांनी ती १९६४ साली बाल्टिमोरच्या बंदरात बोट लागलेली असताना एका जुन्या सामानाच्या दुकानातून उचलली होती. केवढ्याला, ते काकूंसमोर कधी सांगायचे नाहीत. वेष्टनावर एकमेकांना बिलगलेलं एक जोडपं, आणि वर टोपी घातलेला सिनात्रा त्यांच्याकडे कौतुकाने बघतोय. या चित्राची एक गंमत मला फार उशिरा कळली. पहिल्या छपाईत त्याचं तोंड त्या जोडप्याच्या उलट दिशेला होतं. १९५७ मध्ये कॅपिटॉलने चित्र बदललं आणि त्याला त्यांच्याकडे वळवलं. काकांची प्रत या बदललेल्यांतली. मला आपलं पहिलंच चित्र बरं वाटतं. गाणी त्या दोघांसाठी म्हणायची आणि वर त्यांच्याकडे टक लावून बघतही बसायचं, हे जरा लग्नातल्या व्हिडिओवाल्यासारखं होतं.

डोंबिवलीत तेव्हा लाइट कधी जातील याचा नेम नसे. रेकॉर्ड फिरत असताना लाइट गेले की सिनात्राचा आवाज हळूहळू जाड व्हायचा, मग घोगरा, आणि शेवटी म्हशीसारखा हंबरत थांबायचा. आम्ही हसून लोळायचो. काका मात्र सुई उचलायला धावायचे, अंधारात, कोणाच्या पायावर पाय पडतोय ते न बघता. गाणं अर्ध्यावर मेलेलं त्यांना बघवत नसे.

आमच्या घरात या सगळ्या प्रकाराला एक नाव होतं: काकांची उडत्या चालीची गाणी. मराठीत 'उडती चाल' म्हटलं की त्यात जरा नाक मुरडलेलं असतंच. विरहाचं भावगीत डोळे मिटून ऐकायचं आणि उडत्या चालीचं वरातीत वाजवायचं, अशी आपली वाटणी ठरलेली. दुःखाला आपण पाट मांडतो आणि आनंदाला म्हणतो, बस रे कुठेही.

मीही तशीच होते. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या भावाकडून सिनात्राची आणखी एक कॅसेट मिळाली: 'इन द वी स्मॉल अवर्स', १९५५ सालची. रात्री जाग्या राहिलेल्या माणसाची सोळा गाणी, सगळी संथ. मी लगेच निकाल देऊन टाकला, की हे खरं आणि काकांचं ते करमणुकीचं. दोन्ही रेकॉर्डी त्याच दोन माणसांनी वर्षभराच्या आत केल्या आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. असतं तरी त्या वयात काही फरक पडला नसता म्हणा.

फरक पडला तो एकेचाळिसाव्या वर्षी. ऑफिसात आमचा अख्खा विभाग बंद झाला आणि एका शुक्रवारी लॅपटॉप, ओळखपत्र आणि कपाटाची किल्ली परत करून मी साडेअकराची जवळजवळ रिकामी लोकल पकडून घरी आले. पुढचे काही महिने मला दुःखाची गाणी ऐकवेनात. तेवढं तर घरचंच होतं, विकत कशाला आणायचं. एकदा दुपारी गवार मोडत बसले असताना फोनवर आपोआप काकांच्या रेकॉर्डमधलं पहिलं गाणं सुरू झालं, 'यू मेक मी फील सो यंग'. बोटं थांबली. गवार तशीच राहिली आणि मी पहिल्यांदा ते गाणं नीट ऐकलं. हा माणूस तरुण नाहीये, हे तेव्हा लक्षात आलं. तरुण माणसाला 'तरुण वाटतं' असं म्हणायची गरज पडत नाही.

मग मी तारखा काढून बघितल्या. सिनात्राचा जन्म १२ डिसेंबर १९१५ चा, न्यू जर्सीतल्या होबोकनचा. या रेकॉर्डची बहुतेक गाणी जानेवारी १९५६ मध्ये झाली. म्हणजे चाळिशी पुरी होऊन जेमतेम महिना उलटला होता. त्याआधीची पाच-सहा वर्षं कशी गेली होती? चाळीसच्या दशकात ज्याच्यासाठी पोरी रस्त्यावर बेशुद्ध पडायच्या त्याच माणसाचा १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबात गाता गाता घसा फुटला. तोंड उघडलं तर आवाजच येईना. १९५२ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने करार वाढवला नाही. अ‍ॅव्हा गार्डनर या नटीशी केलेलं लग्न दोन वर्षांत विस्कटलं. १९५३ मध्ये कॅपिटॉलने घेतलं तेही आपला उपकार केल्यासारखं. मग 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' या चित्रपटातली दुय्यम भूमिका, तिच्यासाठी मिळालेलं ऑस्कर, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्या गोष्टीपेक्षा ३० एप्रिल १९५३ ची संध्याकाळ जास्त महत्त्वाची वाटते. त्या दिवशी स्टुडिओत सिनात्राला वाटत होतं की आज बिली मे या नावाजलेल्या, वाद्यमेळ बांधणाऱ्या अ‍ॅरेंजरने बांधलेली गाणी गायची आहेत. मे दौऱ्यावर होता. त्याच्या ढंगातली दोन आणि स्वतःच्या ढंगातली बाकीची गाणी लिहून रिडल नावाचा एकतीस वर्षांचा, अबोल, जरासा उदास दिसणारा माणूस समोर उभा होता. रिडलच्या स्वतःच्या ढंगातलं एक गाणं झालं आणि सिनात्राने विचारलं, हे लिहिलंय कोणी?

तिथून ही जोडी जमली.

एक सांगायला हवं. या रेकॉर्डमधली गाणी तेव्हाही जुनीच होती. १९२३ चं एक आहे, १९२८ चं एक, तीसच्या दशकातली बरीच, आणि सगळ्यांत नवं म्हणावं असं १९४७ चं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांतून आणि बोलपटांतून आलेली यातली बहुतेक गाणी. नाटक कोणाला आठवत नाही, कथानक तर मुळीच नाही, पण पद उरलंय. अमेरिकन लोक यांना 'स्टँडर्ड' म्हणतात. आपल्याला हे समजायला वेगळा शब्द लागत नाही. नाट्यपदांचं आपण हेच केलं. नाटक कधीच पडद्याआड गेलं आणि पद मैफलीत राहिलं. दर पिढीचा गवय्या ते आपल्या गळ्याने पुन्हा म्हणतो, आणि म्हातारे म्हणतात, मूळचं काय होतं म्हणून सांगू.

त्यातलं एक 'लव्ह इज हिअर टू स्टे'. जॉर्ज गर्श्विनची ही शेवटची चाल. १९३७ मध्ये मेंदूतल्या गाठीने तो अडतिसाव्या वर्षी गेला. चाल पुरती कागदावर उतरलेली नव्हती. मित्रांनी आठवून आठवून ती सावरली आणि थोरला भाऊ आयरा याने शब्द लिहिले. भाऊ गेल्यावर, प्रेम टिकून राहणार आहे असं सांगणारं गाणं! रिडलने त्याला चक्क मजेत चालायला लावलं आहे, खिशात हात घालून. मागची गोष्ट माहीत नसेल तर काही अडत नाही. माहीत असेल तर ती चाल जरा जास्तच सांभाळून पावलं टाकतेय असं वाटत राहतं.

आता टाळीकडे येते. या गाण्यांच्या लयीला स्विंग म्हणतात. ते शब्दांत सांगणं कठीण, पण डोंबिवलीकराला थोडं सोपं. एका ठोक्याचे दोन तुकडे करायचे, पण सारखे करायचे नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड. दाऽऽड, दाऽऽड. लोकल रुळांच्या सांध्यांवरून जाताना आणि डबा मऊ हेलकावे देताना जे कानात बसतं, काहीसं तसं. त्यात ड्रमवाल्याच्या पायाखालची झांजांची जोडी दोनला आणि चारला मिटते. काका म्हणायचे ती टाळी तीच. एकवर कोणीच जोर देत नाही. सगळे त्याच्या आजूबाजूला उभे राहतात आणि तो मध्ये मोकळा राहतो.

आणि गाणारा त्या मोकळ्या जागेत करतो काय, तर रेंगाळतो. बँड पुढे निघालेला असतो आणि हा अजून ओळ उचलतच नाही. वाटतं, गेली गाडी. मग तो बोलल्यासारखे शब्द टाकत येतो, दोन जवळ, एक लांब, मध्येच एखाद्या अक्षरावर रेलून, आणि ओळ संपते तिथे नेमका पोचलेला असतो, धाप न लागता. आपल्याकडे ठुमरीला दाद देणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्याला फक्त एवढंच सांगावं लागेल की इथे मागे पस्तीस-चाळीस माणसं कागद बघून वाजवतायत आणि त्यांना थांबता येत नाही.

हे श्वासावरचं काम सिनात्रा कुठे शिकला? तर ट्रॉम्बोनवाल्याकडे. ट्रॉम्बोन म्हणजे नळी मागेपुढे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य. १९४० ते १९४२ तो टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये गायला. डॉर्सी स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचा, लांबच लांब सूर, आणि मध्ये श्वास घेतलेला दिसायचाच नाही. सिनात्रा मागे खुर्चीत बसून त्याच्या कोटाची पाठ बघत राहायचा, कधी हलते ते टिपायला. अखेर कळलं की डॉर्सी तोंडाच्या कोपऱ्यातून चोरून श्वास घेतो. मग याने छाती वाढवायला पोहायला सुरुवात केली, पाण्याखाली दम धरून. पुढे हाच दम त्याला एका ओळीतून दुसरीत न तुटता जायला उपयोगी पडला. आणि सिनात्रा तो बँड सोडून गेल्यावर दोनेक वर्षांनी तिथे ट्रॉम्बोन वाजवायला जो पोरगा आला, तो नेल्सन रिडल. म्हणजे गायकाचा श्वास ट्रॉम्बोनचा आणि अ‍ॅरेंजरचा हातही ट्रॉम्बोनचा. हे धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

तारीख १२ जानेवारी १९५६. जागा हॉलिवूडच्या मेलरोज अ‍ॅव्हेन्यूवरचा केएचजे स्टुडिओ; कॅपिटॉलची ती प्रसिद्ध गोल इमारत अजून उघडायची होती. वेळ रात्रीची, कारण सिनात्राचा आवाज संध्याकाळनंतर लागायचा. गायक आणि वाद्यमेळ एकाच खोलीत, एकाच वेळी. आज गायक एकटा काचेच्या खोलीत उभा राहतो आणि बाकीचं सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. तेव्हा एक व्हायोलिन चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून.

त्या रात्री एक गाणं आयत्या वेळी वाढवलं गेलं होतं: कोल पोर्टरचं 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन', मूळ १९३६ च्या एका चित्रपटातलं. रिडलला लिहायला वेळच नव्हता. गोष्ट अशी सांगतात की स्टुडिओकडे निघाल्यावर बायको गाडी चालवत होती आणि हा टॉर्चच्या उजेडात शेवटची पानं लिहीत होता. नकलनवीस स्टुडिओतच बसून वादकांसाठी प्रती उतरवत होते.

(त्याच जानेवारीत पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला गीतरामायणाचं नवं गाणं लागत होतं. एप्रिल १९५५ मध्ये सुरू झालेली ती ५६ गाण्यांची माळ संपायला अजून तीन महिने होते. तिथेही गदिमांचं गाणं अगदी ऐन वेळी हातात पडल्याच्या आणि बाबूजींनी उभ्याउभ्या चाल लावल्याच्या गोष्टी आपण एकमेकांना सांगतोच. आणि त्याच आठवड्यात, १० जानेवारीला, नॅशव्हिलमध्ये एकवीस वर्षांचा एल्व्हिस प्रेस्ली 'हार्टब्रेक हॉटेल' गात होता. म्हणजे सिनात्राच्या पिढीच्या पायाखालची सतरंजी ओढली जात होती आणि हे इकडे शांतपणे वीस वर्षांपूर्वीची गाणी नीट करत बसले होते.)

गाणं सुरू होतं ते अगदी दबकत. खाली काहीतरी गुणगुणल्यासारखं, वर व्हायोलिनांची पातळ साय. सिनात्रा जवळजवळ कानात बोलतोय. हे गाणं बत्तीस बारच्या (एक बार म्हणजे चार ठोके) ठरीव साच्यापेक्षा बरंच लांब आहे, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पुढचं वळण कुठे येणार याचा अंदाज लागत नाही. एक फेरी पुरी होते आणि सिनात्रा बाजूला होतो. मग सुरू होतो तो चढ. सिनात्राला इथे लांबलचक चढत जाणारं काहीतरी हवं होतं. रिडलच्या मनात फ्रेंच संगीतकार राव्हेलचा, एकच धून हळूहळू चढवत नेणारा 'बोलेरो' होता, आणि बास ट्रॉम्बोनवाल्या जॉर्ज रॉबर्ट्सने त्याला स्टॅन केंटनच्या बँडच्या एका रेकॉर्डची आठवण करून दिली, जिच्यात ट्रॉम्बोन एकावर एक असे चढत जातात. तेच इथे आहे. एक ट्रॉम्बोन एक छोटा तुकडा धरून बसतो, मग दुसरा त्याच्या खांद्यावर, मग तिसरा. खाली व्हायोलिनं ताणत नेतात. आजीच्या भजनात शेवटाकडे असाच चढ यायचा, पण तिथे लय वाढायची. टाळ धावायला लागायचे, बायका घामाघूम व्हायच्या. इथे लय जागची हलत नाही. तीच चाल, तोच ठोका, आणि वाढतंय ते फक्त वजन. धावायची सोय नसल्यामुळे सगळं आतल्या आत तापत जातं, दूध उतू जायच्या आधी कडेने फुगतं तसं.

आणि मग उतू जातं. मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन.

हा तुकडा लिहिलेला नव्हता. कागदावर फक्त स्वरसंगतींच्या खुणा होत्या. वाजवायचं ते बर्नहार्टने आपलं आपण. त्याने पहिल्या काही टेकमध्ये जीव ओतला आणि त्याला वाटलं, झालं. पण सिनात्राला समाधान नव्हतं. कधी आवाज नीट येत नव्हता, कधी आणखी काही. दहा टेक झाले, पंधरा झाले. बर्नहार्ट पुढे सांगायचा की चांगलं होतं ते सगळं तो पहिल्या चार-पाच टेकमध्येच देऊन बसला होता. मध्येच आतून इंजिनीअर म्हणाला की ट्रॉम्बोन माइकच्या जवळ यायला हवा. माइक उंचावर, आणि बर्नहार्ट काही फार उंच नव्हता. तेव्हा सिनात्रा स्वतः गेला आणि कुठून तरी एक खोकं उचलून घेऊन आला. बर्नहार्ट त्याच्यावर चढला. बाविसाव्या टेकला ते गाणं झालं, असं म्हणतात.

मला त्या खोक्याचं काही केल्या विसरायला होत नाही. दोन वर्षांपूर्वी ऑस्कर मिळालेला, खोलीतला सगळ्यांत महागडा माणूस, चाळिशीचा, नावाजलेला तापट, हातात खोकं घेऊन वादकांच्या खुर्च्यांमधून वाट काढत येतोय, कारण आपल्या गाण्यातला सगळ्यांत मोठा क्षण आपला नाही, त्या माणसाचा आहे, हे त्याला ठाऊक आहे. बर्नहार्ट तिथे काय करतो? तो ओरडतो. सिनात्रा इतका वेळ जे सभ्यपणे, कोटाची बटणं लावून सांगत होता, ते ट्रॉम्बोन बटणं तोडून सांगतो. सूर फाटतात, घसरतात, एक-दोन तर चुकल्यासारखेच वाटतात. थकलेल्या माणसाचा बाविसावा टेक आहे तो, ताज्या माणसाचा नाही. म्हणूनच बहुतेक त्याला आता काही राखून ठेवायचं नाहीये. मग त्याच्याच उंचीवरून सिनात्रा परत आत शिरतो, मोठ्या आवाजात, आणि हळूहळू पुन्हा बटणं लावत लावत शेवटी होता तिथे, कुजबुजीत येऊन थांबतो. जेमतेम पावणेचार मिनिटं.

उडती चाल!

रिडलबद्दल लिहायला बसलं की वाद्यांची यादी होते, आणि याद्यांत काही मजा नाही. त्याचं खरं कसब जागा सोडण्यात होतं. गायक बोलत असताना तो बँडला गप्प बसवतो, आणि गायकाने श्वास घेतला रे घेतला की तेवढ्या फटीतून एखादं फ्लूट डोकावून जातं. काउंट बेसीच्या बँडमधून आलेला हॅरी 'स्वीट्स' एडिसन तोंडाला बूच लावलेल्या ट्रंपेटने मधूनमधून दोन-दोन सूर टाकतो. साथीचा पेटीवाला गवय्याच्या तानेला एखादी खोडकर पुस्ती जोडतो ना, अगदी तसे. व्हायोलिनांत फेलिक्स स्लॅटकिन, चेलोवर त्याची बायको एलिनॉर. ही मंडळी एरवी बेथोवन वाजवणारी. म्हणजे एका खोलीत क्लबातले आणि कॉन्सर्ट हॉलमधले, दोन्ही गावचे लोक, आणि भांडण नाही. रिडल म्हणायचा की ही लय हृदयाच्या ठोक्याची आहे. फार जोरात नाही, फार संथ नाही. आपण तिला मध्यलय म्हणू.

आणि या कामाचे त्याला मिळाले ते ठरलेले पैसे. दर गाण्यामागे एवढे, विषय संपला. रेकॉर्ड अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, ब्रिटनमध्ये त्या जुलैत पहिल्यांदाच एलपींच्या खपाचा तक्ता छापायला लागले तेव्हा त्या तक्त्याच्या डोक्यावर हीच होती. पण अ‍ॅरेंजरला रॉयल्टी नसते. आपल्याकडे निराळं काय होतं? ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ लिहिणारे गोव्याचे सेबास्टियन डिसोझा, बाबूजींच्या शेजारी व्हायोलिन घेऊन उभे राहिलेले प्रभाकर जोग, अनिल मोहिले. गाणं वाजायला लागलं की आपण अंतऱ्याआधीचे व्हायोलिनचे तुकडेसुद्धा तोंडाने म्हणतो. ते कोणी लिहिले, असं विचारलं की गप्प. मीही त्यातलीच. डिसोझांचं नाव मला कळलं तेव्हा त्यांनी बांधलेली गाणी मला तीस वर्षं पाठ होती.

रिडलला म्हातारपणी एक चांगला योग आला. लिंडा रॉन्स्टॅट ही रॉकवाली गायिका १९८३ मध्ये त्याच्याकडे जुनीच गाणी घेऊन आली आणि दोघांनी तीन रेकॉर्डी केल्या. तिसरी बाजारात आली तेव्हा तो नव्हता. ऑक्टोबर १९८५ मध्ये गेला. मला त्या तिन्ही रेकॉर्डी ठीकठाक वाटतात, जास्त नाही. सगळं अतिशय देखणं आहे, पण कोणी खोकं आणलेलं ऐकू येत नाही.

परवा दिवाळीनंतर काकांकडे गेले होते. जुनी बिल्डिंग पाडून तिथेच नवी झाली आहे, सातवा मजला, लिफ्ट. काका पंचाऐंशीचे. डाव्या कानात मशीन, उजव्याने बरंच कमी. फिएस्टा कधीच भंगारात गेलाय. मी माझा नवा रेकॉर्ड प्लेअर पिशवीत घालून नेला होता. रेकॉर्ड त्यांच्याकडेच, पलंगाखालच्या ट्रंकेत, वेष्टनाच्या कडा काकूंनी कधीतरी ब्राऊन टेपने चिकटवलेल्या. दुसऱ्या बाजूला एक चरा आहे, आमच्यापैकीच कोणाच्या तरी हातचा, तो अजून कोणी कबूल केलेला नाही.

मी त्यांना बर्नहार्टची गोष्ट सांगितली, जरा मोठ्याने, खोक्यासकट. साठ वर्षं ते ही रेकॉर्ड ऐकतायत आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. "बावीस वेळा?" म्हणाले. "आणि आम्हाला कप्तान एका चुकीला फाडून खायचा."

सुई टेकवली. त्यांना किती ऐकू येत होतं देव जाणे. वरची व्हायोलिनं तर नक्कीच नाहीत. पण खुर्चीच्या हातावर त्यांचं बोट पडत होतं, दोनला आणि चारला, एक मोकळा सोडून. चढ सुरू झाला तसं त्यांनी मशीन काढून हातात घेतलं, त्याची बारीक चक्री फिरवली, परत कानात घातलं. तेवढ्यात बर्नहार्ट ओरडून संपला होता.

"गेलं," काका म्हणाले. "परत लाव."

परत लावलं. या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ट्रॉम्बोन आला तेव्हा नुसती मान हलवली. गाणं संपलं. बोट वर करून त्यांनी पुन्हा खूण केली. तिसऱ्यांदा ते झालं तेव्हा काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

"अहो, तेच ते किती वेळा?"

काकांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"अजून एकोणीस," म्हणाले.